चाकाचा तोल, घरच्या घरीं

उन्हाळ्याच्या रात्रीं छताला टांगलेला विजेचा पंखा पूर्ण वेगानें सोडला म्हणजे तो कधीं कधीं झुलूं लागतो. पात्यांवर धूळ सांचली, एखादें पातें किंचित् वांकलें, किंवा पातीं धुवून पुन्हां बसवितांना एखादा स्क्रू ढिला राहिला, एवढें कारण त्याला पुरतें. मंद वेगावर हाच पंखा निमूटपणें फिरतो, आणि म्हणून घरांतील वडील मंडळी वेग कमी करून झोपीं जातात. कपडे धुण्याच्या यंत्रांतहि हाच प्रकार. पिळण्याच्या वेळीं ओली चादर एका बाजूला गोळा झाली तर तें अवजड यंत्र जागेवरून सरकूं लागतें. फिरणाऱ्या वस्तूचा तोल गेला म्हणजे काय होतें याचे हे दोन पाठ शहरांतील बहुतेक घरांना ठाऊक असतात. पंखा व धुण्याचें यंत्र जागच्या जागीं असतात. त्यांचा तोल गेला तर फार तर झोपमोड होते. तिसरी एक फिरती वस्तु मात्र घराबाहेर, ताशीं ऐंशीं किलोमीटर वेगानें धांवते, आणि तिच्या भरंवशावर पुष्कळदां घरांतील दोन माणसें बसलेलीं असतात. ती वस्तु म्हणजे मोटार-सायकलचें चाक.

नवा टायर बसवून आणलेली मोटार-सायकल शहरांतल्या रस्त्यांवर आठवडाभर बिनतक्रार चालते. मग एखाद्या रविवारीं तिचा मालक पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागतो. ताशीं ५० किलोमीटरपर्यंत सर्व कांहीं यथास्थित असतें. ७० च्या सुमारास हँडलच्या मुठींत बारीक थरथर जाणवूं लागते. ८० च्या पुढें आरशांत दिसणाऱ्या मागच्या मोटारी धूसर होतात. आणि तासा-दीड तासानें चहासाठीं थांबावें तों बोटांना मुंग्या आलेल्या असतात. मालकाचा संशय प्रथम इंजिनावर जातो, मग रस्त्यावर, आणि पुष्कळदां स्वतःच्या वयावरहि. ज्या टायरपासून या साऱ्याला आरंभ झाला त्याच्यावर मात्र तो जात नाहीं, कारण तो नवा व महागाचा असतो.

ही थरथर कोठून येते हें समजण्यास ज्वारीच्या शेतांत माळ्यावर उभा राहून पाखरें हांकणारा राखणदार डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या हातांतील गोफण फिरूं लागली कीं आंतला दगड त्याचा हात बाहेर ओढूं लागतो. शास्त्रज्ञ या ओढीला केंद्रोत्सारी प्रेरणा म्हणतात. दगड जड असेल तर ओढ अधिक, हें उघडच आहे; पण वेगाचा हिशेब निराळा आहे. फेऱ्यांचा वेग दुप्पट केला कीं ओढ दुप्पट न होतां चौपट होते, आणि वेग तिप्पट केला तर नऊपट होते. चाकाच्या कडेवर एका जागीं असलेलें जादा वजन हें अशाच गोफणींतल्या दगडासारखें आंसाला ओढीत असतें.

आतां प्रत्यक्ष आंकडे पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. मध्यम आकाराच्या मोटार-सायकलच्या १८ इंची रिमवर एका बाजूला अवघें २० ग्रॅम वजन अधिक आहे असें धरावें. म्हणजे जवळ जवळ पांच रुपयांचीं तीन पिवळीं नाणीं. हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारें ६४ सेंटिमीटर असला तर चाक एका किलोमीटरांत जवळ जवळ ५०० फेरे करतें. ताशीं ५० किलोमीटर वेगाला तें सेकंदास सुमारें ७ वेळां फिरतें, आणि त्या २० ग्रॅमांची ओढ सुमारें ९०० ग्रॅम वजनाइतकी होते. ताशीं १०० किलोमीटर वेगाला फेरे १४ होतात व ओढ साडेतीन किलोवर जाते. शिवाय ही ओढ एका दिशेनें नसते. जड जागा वर गेली कीं ओढ वर, पुढें आली कीं पुढें, खालीं गेली कीं खालीं; म्हणजे साडेतीन किलोची हातोडी सेकंदाला चौदा वेळां आंसावर आपटावी तशी ही क्रिया चालते. शहरांत चाळिसाच्या वेगानें दूध-भाजी आणणाऱ्याला तिचा पत्ताहि लागत नाहीं तो याच कारणामुळें.

साडेतीन किलोच्या ओढीनें चाक रस्त्यावरून उचललें जाईल अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. गाडीचें व बसणाऱ्यांचें वजन तिच्या कितीतरी पट असतें. धोका आहे तो निराळ्या ठिकाणीं. पुढचा ब्रेक दाबावयाचा असतो उजव्या हाताच्या बोटांनीं, आणि तींच बोटें दोन तासांच्या थरथरीनें बधिर झालेलीं असतात. घाटांतल्या वळणावर समोरून अचानक ट्रक आला असतां ब्रेक किती दाबला जात आहे हें बोटांना कळलें नाहीं, तर चाक अडकून गाडी घसरते, किंवा ब्रेक लागावा तितका लागत नाहीं. त्याखेरीज टायर एकसारखा न झिजतां जागोजागीं खळगे पडल्यासारखा झिजतो, व बेअरिंगांचें आयुष्यहि कमी होतें, हे तोटे आहेतच. परंतु पैशांनीं भरून येणारे तोटे दुय्यम समजावे.

चाकाला ही जड बाजू येते तरी कशी? टायर सांच्यांतून एकसंध निघालेला दिसला तरी त्याच्या पोटांत दोऱ्यांचे व रबराचे थर असतात, आणि प्रत्येक थराला कोठेंतरी सांधा असतो. सांध्याशीं थोडें रबर अधिक येणारच. ट्यूब असेल तर तिलाहि सांधा असतो. ती दोन वेळां पंक्चर झाली असेल तर तिच्यावरचीं ठिगळें असतात. रिम वांकवून जोडलेली असेल तर तिच्या जोडापाशीं वजन वाढतें, आणि व्हॉल्व्ह तर एकाच जागीं असतो. पुष्कळ कारखाने टायरच्या बाजूवर रंगाचा एक लहान ठिपका देतात. टायरची सर्वांत हलकी जागा ती हीच, आणि ती व्हॉल्व्हपाशीं बसवावी असा तिचा अर्थ असतो. या संकेतांत रिमची जड जागा व्हॉल्व्हपाशींच आहे असें धरलेलें असतें. तें नेहमींच खरें ठरतें असें नाहीं. टायर काढलेला असतांनाच नुसत्या रिमची जड जागा शोधून ठिपका तेथें बसविणारा कारागीर विरळा, पण तो भेटल्यास त्याला सोडूं नये.

बैलगाडीच्या चाकाला कोणी तोल दिल्याचें ऐकिवांत नाहीं, कारण त्या वेगाला त्याची गरजच नव्हती. १८८५ सालीं जर्मनींत गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी सांगाड्यावर इंजिन बसवून पहिली मोटार-सायकल म्हणतां येईल अशी गाडी केली, तिचीं चाकेंहि लांकडाचीं व लोखंडी धांवांचीं होतीं. तिचा वेग चांगल्या धांवणाऱ्या माणसाहून अधिक नव्हता. हवेच्या चाकाचें पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें १८४५ सालींच घेतलें होतें, पण तें विसरलें गेलें. बेलफास्ट येथील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं मुलाच्या तीन चाकी सायकलीसाठीं तीच युक्ति पुन्हां शोधली व १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून रबर आणि हवा रस्त्यावर आलीं. त्याच १८८८ सालीं बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाला सायकलीच्या दुकानापासून प्रारंभ झाला असें त्या घराण्याचा इतिहास सांगतो. सायकलीच्या दुकानांत चाक उलटें टांगून, बोटानें फिरवून, आऱ्यांचा ताण कमीजास्त करून तें सरळ करण्याची जी कला आपल्याकडे रुजली, तिलाच कारागीर ‘आऊट काढणें’ म्हणतात. आऊट काढणें आणि तोल साधणें या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीनें चाकाचा आकार सुधारतो. दुसरीनें वजनाची वांटणी सुधारते. अगदीं सरळ फिरणारें चाकहि एका बाजूस जड असूं शकतें.

म्हणूनच पाना हातीं घेण्यापूर्वीं रोग कोणता हें ठरविलें पाहिजे. त्याची सोपी खूण आहे. ज्या वेगाला थरथर येते त्याच वेगानें एकदां वरच्या व एकदां खालच्या गियरमध्यें गाडी चालवून पाहावी. गियर बदलतांच थरथरीचा स्वभाव बदलला तर ती इंजिनाची; गियर कोणताहि असो, ती ठराविक वेगालाच येत असेल तर ती चाकांची. अगदीं हळू चालतांनाहि पुढची बाजू उचकी लागल्यासारखी उठत असेल तर खड्ड्यांत आपटून रिम वांकली असण्याचा किंवा टायर रिमवर नीट न बसल्याचा संभव अधिक. हँडल डावीकडे-उजवीकडे झुलत असेल तर त्याचीं कारणें वेगळीं आहेत: हँडलच्या मानेचें बेअरिंग ढिलें असेल, टायरांत हवा कमी असेल, मागें सामान जास्त लादलें असेल. या रोगांवर शिशाचे तुकडे चिकटवून गुण येत नाहीं. पुष्कळ हौशी लोक या परीक्षेचा कंटाळा करतात, आणि रविवारची दुपार खर्ची घालून तीच थरथर पुन्हां रस्त्यावर घेऊन जातात.

चार चाकी मोटारीचें चाक तोलणारीं यंत्रें आतां लहान गांवींहि दिसतात. मोटार-सायकलच्या चाकाचें मधलें छिद्र लहान असल्यामुळें त्या यंत्रावर तें चढविण्यास निराळा जोड लागतो, आणि तो प्रत्येक दुकानांत असतोच असें नाहीं. सुदैवानें या चाकाची रुंदी त्याच्या व्यासाच्या मानानें फार थोडी असते. रुंद चाकांत जड जागा आंतल्या कडेला आहे कीं बाहेरच्या, यावरहि तोल अवलंबून असतो, आणि तें चाक वेगानें फिरविल्यावांचून कळत नाहीं. अरुंद चाकांत हा फरक इतका थोडा असतो कीं नुसत्या गुरुत्वाकर्षणानें लागणारा तोल, ज्याला स्थिर तोल म्हणतात, तो बहुतेक कामाला पुरतो. घरच्या घरीं हें काम साधतें तें यामुळें. चाकच तराजूची दांडी होतें, आणि पृथ्वी फुकट वजन करून देते.

आरंभ पुढच्या चाकापासून करावा, कारण हातांना जाणवते ती त्याचीच थरथर. गाडी मधल्या स्टँडवर घट्ट उभी करून इंजिनाखालीं लांकडाचा ठोकळा द्यावा, म्हणजे पुढचें चाक अधांतरीं राहील. नुसत्या बाजूच्या स्टँडवर टेकलेल्या गाडीचें चाक काढण्याचा मोह धरूं नये. दीड-दोनशें किलोची गाडी अंगावर आली तर एका माणसानें आवरत नाहीं. चाक निघाल्यावर डिस्क ब्रेकच्या दोन पट्ट्यांमध्यें जाड पुठ्ठ्याचा तुकडा सारून ठेवावा, आणि चाक परत बसेपर्यंत पुढच्या ब्रेकला कोणी हात लावणार नाहीं, विशेषतः घरांतील मुलें, याची काळजी घ्यावी. मध्यें डिस्क नसतां ब्रेक दाबला तर आंतले दट्टे बाहेर येतात, आणि मग कारागिराला बोलावण्याखेरीज गत्यंतर उरत नाहीं.

चाक स्वच्छ धुवून वाळवावें. टायरच्या खांचांत अडकलेले खडे एकेक करून काढावे. पूर्वींचीं वजनें असतील तर तीं उतरवावीं आणि हवा नेहमींइतकी भरावी. आऱ्यांचें चाक असेल तर प्रत्येक आऱ्यावर पान्याची हलकी टिचकी मारून आवाज ऐकावा. सैल आरा बद्द वाजतो. आऱ्यांचें काम आधीं, तोलाचें नंतर, हा क्रम मोडूं नये. सरतेशेवटीं आंस आंतून घालून बेअरिंग बोटानें फिरवून पाहावें. त्यांत वाळू असल्यासारखी खरखर लागली तर तोल बाजूला ठेवून आधीं बेअरिंग बदलावें.

आतां सारख्या उंचीचीं दोन स्टुलें घेऊन त्यांच्यामध्यें चाक मोकळें लोंबेल अशा रीतीनें आंसाचीं टोकें त्यांवर टेकवावीं. आंस समपातळींत आहे कीं नाहीं हें पाहण्यास गवंड्याची पाणपातळी मिळाली तर उत्तम. पंखा बंद ठेवावा. टायरवर वारा लागला तरी हलकें चाक फसतें. मग चाक हातानें सावकाश फिरवून सोडून द्यावें. तें थोडें पुढें जाईल, थोडें मागें येईल, आणि स्थिर होईल. त्या वेळीं जी जागा सर्वांत खालीं असेल तेथें खडूची खूण करावी. चाक पाव फेरा फिरवून पुन्हां सोडावें. पुन्हां खूण करावी. चार-पांच वेळां हीच जागा खालीं येत असेल तर जड बाजू सांपडली. खुणा टायरभर पसरल्या तर दोन अर्थ संभवतात: एक तर चाकाचा तोल मुळांतच चांगला आहे, किंवा बेअरिंग चाकाला मोकळेपणीं फिरूं देत नाहीं.

या दुसऱ्या शक्यतेकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें, आणि घरगुती तोलाची खरी मेख येथेंच आहे. बेअरिंगांत धूळ-पाणी जाऊं नये म्हणून त्याला रबराची कडी लावलेली असते व आंत घट्ट ग्रीस असतें. या दोहोंची अडवणूक लहानशा वजनाला दाबून टाकण्याइतकी असते. जड जागा अगदीं तळाशीं येण्यापूर्वींच चाक अडतें आणि खोटी साक्ष देतें. त्यावर उपाय असा कीं जी जागा जड वाटते ती प्रथम उजवीकडे आंसाच्या उंचीपर्यंत उचलून हळूच सोडावी व चाक थांबल्यावर तळाशीं खूण करावी. नंतर तीच जागा डावीकडे तितकीच उचलून सोडावी व दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यें खरी जड जागा असते, कारण अडवणूक दोन्ही बाजूंनीं सारखीच झालेली असते. ज्यांना अधिक बारकाईची हौस आहे ते सरळ पोलादी सळई घेऊन तिच्यावर दोन शंकु बसवितात. शंकु दोन्ही बाजूंनीं चाकाच्या मध्यभागीं घट्ट दाबतात, आणि सळईचीं टोकें चार लहान मोकळ्या बेअरिंगांवर ठेवतात. त्या बेअरिंगांतलें ग्रीस धुऊन काढलेलें असतें. मग चाकाच्या स्वतःच्या बेअरिंगांचा संबंधच उरत नाहीं, आणि एखाद्या नाण्याचा फरकहि चाक बोलून दाखवितें.

जड जागेच्या बरोबर समोर, म्हणजे चाक थांबलें असतां माथ्यावर जी जागा येते तेथें, रिमला तात्पुरतें वजन लावावें. येथें पैशाची खरी किंमत कळते: २०११ सालच्या मालिकेंतलें पांच रुपयांचें पिवळें नाणें ६ ग्रॅमांचें आहे, आणि चिकटपट्टीनें तें रिमवर सहज बसतें. एक नाणें लावून चाक पाव फेरा फिरवावें, म्हणजे जड जागा व नाणें ही दोन्ही आंसाच्या उंचीवर येतील, आणि सोडून द्यावें. जड जागा अजून खालीं येत असेल तर दुसरें नाणें. नाण्याची बाजू खालीं जाऊं लागली तर वजन जास्त झालें. कोणत्याहि स्थितींत सोडलें तरी चाक तेथेंच राहिलें म्हणजे तोल साधला असें समजण्यापूर्वीं एक परीक्षा घ्यावी. तोललेल्या चाकावर आंसाच्या उंचीला पांच-सहा ग्रॅमांचें आणखी एक वजन लावून पाहावें. चाक हललें, तर तराजू खरा. नाहीं हललें, तर चाक स्वस्थ राहिलें तें तोलामुळें कीं अडवणुकीमुळें हें कळण्यास मार्ग नाहीं, आणि मधल्या खुणेची रीत किंवा शंकूंची सळई वापरून काम पुन्हां करावें लागेल.

नाणीं उतरवून त्यांचें वजन करावें व तितक्याच वजनाच्या पट्ट्या लावाव्या. पांच व दहा ग्रॅमांचे तुकडे असलेल्या चिकट पट्ट्या टायरच्या दुकानांत मिळतात. रिम स्पिरिटनें पुसून कोरडी झाल्यावर त्या दाबून बसवाव्या. साबणाच्या पाण्यानें धुतलेल्या, ओलसर रिमवर लावलेली पट्टी पहिल्याच पावसांत गळून पडते. वजन निम्में डाव्या व निम्में उजव्या बाजूस लावलें तर तें मध्यरेषेवर लावल्यासारखें होतें. आऱ्यांच्या चाकाला शिशाची तार आऱ्याच्या मुळाशीं गुंडाळण्याची जुनी पद्धत आहे, आणि ती सोयीची आहे, कारण लागेल तेवढी तार कापून घेतां येते. शिसें मात्र विषारी आहे हें विसरूं नये. युरोपीय संघानें नव्या मोटारींच्या चाकांवरील शिशाच्या वजनांना २००५ सालापासून बंदी घातली. आतां जस्ताचीं व पोलादाचींहि वजनें मिळतात. शिसें वापरलेंच तर तें स्वयंपाकघरांतील तराजूवर ठेवूं नये, तुकडे मुलांच्या हातीं देऊं नयेत, व काम संपतांच हात साबणानें धुवावे. पट्टी लावल्यावर ती ब्रेकला किंवा चिमट्याला, म्हणजे कारागीर ज्याला फोर्क म्हणतात त्याला, कोठें घासत तर नाहीं हें चाक बसवून सावकाश फिरवून पाहावें.

तोलासाठीं ५०-६० ग्रॅमांहून अधिक वजन लागूं लागलें तर वजनें लावीत बसण्यापेक्षां टायरमधील हवा सोडून तो रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवावा. रिमची जड बाजू व टायरची जड बाजू एकावर एक आलेलीं असतील तर एवढ्यानेंच फरक पडतो. तरीहि गरज कमी न झाली तर टायर किंवा रिम सदोष आहे. अशा टायरचा नवेपणा व त्याची किंमत यांना भुलूं नये.

आपल्याकडे ट्यूबलेस टायरांत पंक्चर बुजविणारा द्रव भरण्याची चाल फार वाढली आहे. असा द्रव आंत असतां स्टुलांवरचा हा सारा खटाटोप फुकट जातो, कारण चाक थांबतांच द्रव वाहून तळाशीं येतो. जी जागा खालीं येईल तीच जड दिसते. द्रव वाळून एका जागीं घट्ट झाला असेल तर तो स्वतःच तोल बिघडविणारें वजन होतो. तोल हवा असेल तर आधीं टायर उतरवून तो आंतून पुसून घेतला पाहिजे. दुकानदार हें सांगत नाहींत.

मागच्या चाकाची रीत हीच. फक्त तें उतरवितांना सांखळी निघते, आणि परत बसवितांना तिचा ताण व चाकाची सरळ रेषा दोन्ही पुन्हां जुळवावीं लागतात. तेथील थरथर बैठकीला व पायांना जाणवते, हातांना कमी. शहरापुरती गाडी वापरणाऱ्यानें मागच्या चाकाच्या वाटेला न गेलें तरी चालण्यासारखें आहे.

तोल साधण्यांत झालेली चूक क्षमा होते. चाक परत बसवितांना झालेली होत नाहीं. टायरच्या बाजूवरील बाण पुढें फिरण्याच्या दिशेनेंच आहे ना, हें पाहावें. आंसाचा नट गाडीच्या माहिती-पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळावा. तें माप दाखविणारा पाना घरीं नसेल तर काम संपल्यावर कारागिराकडून नट तपासून घ्यावा, त्यांत कमीपणा नाहीं. चिमट्याच्या खालचे आंस धरणारे स्क्रू, नटांतली दुमडती खीळ, वेगमापकाची तार हीं सर्व जागेवर बसलीं कीं पुढचा ब्रेक अनेक वेळां दाबावा. चाक काढतांना व बसवितांना पट्ट्या मागें सरकलेल्या असतात, आणि पहिल्या एक-दोन दाबांत दांडा पोकळ लागून थेट मुठीला टेकतो. दांडा घट्ट होईपर्यंत गाडी स्टँडवरून उतरवूं नये. फाटकाबाहेर पडून पहिलाच ब्रेक रिकामा गेल्याचा अनुभव ज्यांनीं घेतला आहे, त्यांना हें वाक्य पुन्हां वाचावें लागणार नाहीं.

पहिली फेरी एकट्यानें, हळू, आपल्याच गल्लींत घ्यावी. दोन-तीन वेळां पुढचा ब्रेक लावून पाहावा. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर, पूर्वीं ज्या वेगाला आरसा धूसर होत होता त्या वेगाला, मागच्या गाडीचा क्रमांक आरशांत वाचतां येतो कीं नाहीं एवढें क्षणभर पाहून नजर पुन्हां रस्त्यावर आणावी. घरीं परतल्यावर रिमवरून बोट फिरवून पट्ट्या सुटल्या नाहींत ना, आणि आंसाचा नट जागचा हलला नाहीं ना, हें तपासावें. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तेंच पुन्हां एकदां करावें.